काकांनी विसार परत पाठवला, आता फ्लॅट विसरायचा का?

या वेळचं पत्र माणिकबागेतून आलंय, थोडं छोटं करून देतेय.

"ताई नमस्कार, आम्ही चौघं भाड्याने राहतो, मी, बायको, मुलगी आणि आई. आईच्या भजनी मंडळातल्या ओळखीने कर्वेनगरला एक टू बीएचके मिळाला, मालक ७४ वर्षांचे काका, एकटेच राहतात. ९२ लाखाला ठरलं. १२ फेब्रुवारी २०२५ ला ५०० च्या स्टॅम्पवर साठेखत, म्हणजे पुढे खरेदीखत करू असा करार, केलं, नोटरी केली, ९ लाख विसार आरटीजीएसने दिला, फर्निचरचे म्हणून अडीच लाख रोख दिले त्याची पावती नाही. खरेदीखत ३० जून २०२५ पर्यंत असं लिहिलंय. मे महिन्यात बँकेचं ६५ लाखाचं सँक्शन लेटर आलं. जूनपासून काका आज नको उद्या करत होते, सप्टेंबरात त्यांचा व्हॉट्सॲप आला की 'आता पितृपक्षात नको, घटस्थापनेनंतर करू', दिवाळीनंतर फोनच उचलेनात. कॅनडातला मुलगा म्हणतो आता १ कोटी ८ लाखाचा भाव आहे. ६ जानेवारीला वकिलाची नोटीस आली, तुम्ही वेळेत पैसे दिले नाहीत म्हणून साठेखत रद्द, आणि त्याच दिवशी ९ लाख आमच्या खात्यात परत. साठेखतात लिहून देणाराने, म्हणजे विकणाऱ्याने, व्यवहार मोडला तर विसाराच्या दुप्पट द्यायचे असं आहे, काका म्हणतात वरचे ९ पण घ्या आणि विषय मिटवा. काकू २०२१ मध्ये गेल्या, सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर अजून दोघांचीही नावं आहेत. साक्षीदार म्हणून काकांच्या मुलीची सही आहे, ती चिंचवडला असते. मित्र म्हणतो स्पेसिफिक परफॉर्मन्सचा दावा लाव, कोर्ट जबरदस्तीने खरेदीखत करून देतं. आई म्हणते शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. मध्ये आम्ही वैतागून बावधनला एका स्कीममध्ये ५१ हजार भरून बुकिंग केलंय, ते कॅन्सल होतं म्हणे. काय करू?"

दादा, बाकी सगळं नंतर, आधी मला सांगा ते परत आलेले ९ लाख आज कुठे आहेत? खात्यात असतील तर हात लावू नका. त्यातून बावधनचा हप्ता नाही, मुलीची फी नाही, काही नाही. वेगळ्या खात्यात नाहीतर एफडीत टाका आणि याच आठवड्यात वकिलामार्फत काकांना लेखी कळवा की हे पैसे आम्ही मागितले नव्हते, रद्द करणं आम्हाला मान्य नाही, रक्कम जशीच्या तशी बाजूला ठेवलीय आणि कोर्ट सांगेल तिथे भरायला तयार आहोत. हे मी उगाच घाईने सांगत नाहीये. २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने बिहारच्या एका प्रकरणात नेमका हाच मुद्दा धरला, विकणाऱ्याने करार रद्द केल्याचं कळवून डिमांड ड्राफ्ट पाठवले, घेणाऱ्याने दावाही लावला आणि नंतर ड्राफ्ट वटवले पण, कोर्ट म्हणालं पैसे घेतलेत म्हणजे तुम्हाला खरेदी करायची इच्छा उरलेली नाही. ड्राफ्ट निदान वटवायचा की नाही हे आपल्या हातात असतं, आरटीजीएस न विचारता येऊन पडतो, म्हणून तर तुमचं गप्प बसणं जास्त घातक. ६ जानेवारीपासून जितके दिवस तुम्ही काही न बोलता ते पैसे ठेवले तितकी समोरच्या वकिलाची सोय झाली.

आता मित्राचं म्हणणं. अर्धं बरोबर आहे. स्पेसिफिक रिलीफ ॲक्ट १९६३ चा, त्यात २०१८ ला मोठा बदल झाला, १ ऑक्टोबर २०१८ पासून लागू आहे. आधी असं होतं की तुम्ही सगळं सिद्ध केलं तरी कोर्ट म्हणू शकायचं की किमती फार वाढल्यात, विकणाऱ्यावर अन्याय होईल, तुम्हाला पैसे परत देतो. तो मर्जीचा भाग आता काढलाय, कायद्याने सांगितलेल्या अटींत बसलात तर कोर्टाने करार पाळायला लावायचाच. तुमचं साठेखत २०२५ चं, त्यामुळे भाव १ कोटी ८ लाख झाला हे काकांच्या मुलाचं दुःख असेल, बचाव नाही.

मित्राने न सांगितलेला अर्धा भाग असा की हा दावा तुम्ही काकांवर लावता पण परीक्षा तुमची होते. काका कसे फिरले, कसे खोटं बोलले यावर तुम्ही तासभर बोलाल, कोर्टाला त्यातलं पाच मिनिटांचं हवं असतं. कोर्ट विचारतं की तुमची तयारी होती का आणि इच्छा होती का, साठेखताच्या दिवसापासून अखंड, म्हणजे दावा चालू असतानाही. तयारी म्हणजे पैसा, इच्छा म्हणजे वागणूक. कायदा असंही म्हणतो की पैसे प्रत्यक्ष नेऊन द्यायची किंवा कोर्टाने सांगितल्याशिवाय भरायची गरज नाही, पण ते तुमच्याकडे होते किंवा उभे करता आले असते हे पुराव्याने दाखवावं लागतं, नुसतं 'मी तयार होतो' म्हणून भागत नाही.

माझ्याच एका अशिलाची उलटतपासणी अजून डोळ्यासमोर आहे. सातारा रोडचा माणूस, अगदी सरळ, विकणारा लबाड, कागद आमच्या बाजूने. समोरच्या वकिलांनी पासबुकाची झेरॉक्स हातात दिली आणि शांतपणे विचारलं, खरेदीखताच्या ठरलेल्या दिवशी तुमच्या खात्यात किती रुपये होते? हा म्हणाला आठवत नाही. ते म्हणाले, मी वाचतो, ४१ हजार ६१२. बाकीचे ३० लाख कुठे होते? भाऊ देणार होता. भाऊ साक्षीला येणार आहे का? भावाशी आमचं वर्षभर बोलणं नाही. संपलं. मी तिथे उभी होते आणि मला काही करता येत नव्हतं, कारण हा प्रश्न मी त्याला दावा लावायच्या आधी विचारायला हवा होता, तेव्हा नवीन होते, विचारला नाही. तेव्हापासून पहिल्या भेटीत मी आधी पासबुक मागते, गोष्ट नंतर ऐकते.

तर तुमचा हिशोब करू. ९२ मधून ९ गेले, ८३ राहिले. पुण्यात स्टॅम्प ड्युटी ७ टक्के, म्हणजे ६ लाख ४४ हजार, वर रजिस्ट्रेशन ३० हजार. झाले ८९ लाख ७४ हजार. बँक देणार ६५. उरलेले पावणेपंचवीस लाख जून २०२५ मध्ये कुठे होते? पत्रात त्याबद्दल एक अक्षर नाही. एफडी, पीएफ, बायकोच्या नावचं काही, सासऱ्यांनी देऊ केलेले, जे असेल त्याचे त्या तारखांचे उतारे काढा. सासरे देणार होते तर त्यांच्या खात्याचे उतारे आणि त्यांची साक्षीला यायची तयारी, दोन्ही. सँक्शन लेटरची मुदत काही महिन्यांचीच असते, तुमचं मे महिन्याचं एव्हाना संपलं असणार, त्याचं नूतनीकरण मागा आणि मागितल्याचा ईमेल जपा. आणि विसारावर १ टक्का टीडीएस कापून भरला होता का? ५० लाखाच्या वरच्या व्यवहारात ती घेणाऱ्याची जबाबदारी असते, भरला असेल तर चलन फाइलला लावा, नसेल तर सीएकडे जा.

आणि बावधन. तुम्ही ते पत्राच्या शेवटी असं सहज टाकलंय पण मला विचाराल तर काकांच्या वकिलाला तुमच्याविरुद्ध मिळणारा सगळ्यात चांगला कागद तोच आहे. ज्याला कर्वेनगरचा फ्लॅट घ्यायचाच आहे तो दुसरीकडे बुकिंग कशाला करेल, आणि एकाच पगारावर दोन कर्जं कुठली बँक देईल? बुकिंग कधी केलंत त्यावर बरंच अवलंबून आहे. ६ जानेवारीच्या नोटिशीनंतर घाबरून केलं असेल तर समजावून सांगता येतं, आधी केलं असेल तर अवघड आहे. रद्द करायचं तर आत्ता करा, बिल्डरकडून तारखेसकट लेखी घ्या, आणि तुमच्या वकिलापासून हे अजिबात लपवू नका, उलटतपासणीत निघतंच आणि मग तुमच्या बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही कोणी विश्वास ठेवत नाही. आणि खरंच जर तुम्हा दोघांना आता बावधनच आवडलं असेल तर तसं स्वतःशी मान्य करा, मग हा दावा लावूच नका. रागाने लावलेला हा दावा टिकत नाही कारण राग म्हणजे काही तयारी नव्हे.

तुमच्या बाजूचा खरा दणकट पुरावा तो पितृपक्षाचा व्हॉट्सॲप आहे. काकांची नोटीस म्हणते ३० जूनला पैसे दिले नाहीत. स्थावराच्या व्यवहारात तारीख उलटली की करार आपोआप मेला असं साधारणपणे धरत नाहीत, साठेखतात तसं स्पष्ट लिहिलेलं असलं किंवा परिस्थितीच तशी असली तर गोष्ट वेगळी, आणि इथे तर काका स्वतःच सप्टेंबरात लिहितायत की घटस्थापनेनंतर करू, म्हणजे त्यांच्या लेखी करार तेव्हा जिवंत होता आणि पुढे ढकलणारे ते होते. तो फोन विकू नका, एक्स्चेंजमध्ये देऊ नका, चॅट डिलीट करू नका. नुसता स्क्रीनशॉट छापून दिला तर चालत नाही, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं सर्टिफिकेट जोडावं लागतं, वकील करून देतील. कॉल लॉग, काकांना केलेले मेसेज, बँकेच्या माणसाला पाठवलेले कागद, सगळं तारीखवार लावून ठेवा. एक वही करा हो, साधी शंभर पानी.

नोटिशीला उत्तर द्यायचंच आहे. 'आम्ही कशाला उत्तर द्यायचं, चूक त्यांची' असं बरेच जण म्हणतात. उत्तरात रद्द करणं नाकारा, तयारी आकड्यांसकट लिहा, आणि खरेदीखतासाठी दिवस नि वेळ देऊन बोलवा, हवेलीच्या सबरजिस्ट्रार ऑफिसात, त्या दिवशी दोघं खरंच जाऊन बसा, काका येणार नाहीत हे मलाही माहितीये, पण तुम्ही आला होतात हे दिसलं पाहिजे. आणि दाव्यात 'साठेखताप्रमाणे खरेदीखत करून द्या' एवढंच मागून चालणार नाही, 'रद्द करणं बेकायदा आहे असं जाहीर करा' हेही मागावं लागतं, सुप्रीम कोर्ट हे २०१३ पासून सांगतंय आणि तरी ही मागणी नसलेले दावे अजून माझ्या टेबलावर येतात. ताबा पण वेगळा मागायचा, पर्यायी नुकसानभरपाई पण, सगळं एकाच दाव्यात.

कागदाबद्दल थोडक्यात. नोटरी म्हणजे रजिस्ट्रेशन नव्हे, हे पुण्यात निम्म्या लोकांना विसार देऊन झाल्यावर कळतं. तरी घाबरू नका, रजिस्टर न केलेलं साठेखत या प्रकारच्या दाव्यात करार झाल्याचा पुरावा म्हणून चालतं, रजिस्ट्रेशन ॲक्टमध्येच तशी सवलत आहे. स्टॅम्पची गोष्ट वेगळी. महाराष्ट्रात ताबा द्यायचं कलम असलेल्या साठेखताला खरेदीखताइतकी ड्युटी मागतात, तुमचं ५०० चं, त्यामुळे हरकत येणार आणि कागद अडकवून ड्युटी नि दरमहा २ टक्के दंड भरायला लावू शकतात. ताब्याचं वाक्य नेमकं काय लिहिलंय ते वकिलाला वाचायला द्या. ती भरलेली ड्युटी पुढे खरेदीखतात वळती होते, दंड मात्र गेला तो गेला.

ते अडीच लाख रोख. पावती नाही, साठेखतात नाहीत, साक्षीदारासमोर दिले का तेही माहीत नाही. आणि एप्रिल २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की दाव्यात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख दिल्याचं कोणी म्हटलं तर कोर्टाने इन्कम टॅक्स खात्याला कळवायचं. म्हणजे उल्लेख केला तर खातं विचारणार की आणले कुठून, नाही केला तर ते पैसे विसरायचे. खातेउताऱ्यावर त्या दिवशी अडीच लाख काढल्याची नोंद असेल तर खरं ते सरळ लिहा. नसेल तर मला तरी या अडीच लाखांचं फार आशादायक काही दिसत नाही.

आता ज्या ओळीवर मी सगळ्यात जास्त वेळ थांबले ती. काकू २०२१ ला गेल्या आणि शेअर सर्टिफिकेटवर दोघांची नावं. मूळ करारात दोघांचा हिस्सा वेगळा लिहिलेला नसेल तर अर्धा-अर्धा धरू. काकूंनी मृत्युपत्र केलं नसेल तर त्यांचा अर्धा हिस्सा नवरा, मुलगा, मुलगी या तिघांत सारखा जातो. मग काकांचे झाले अर्धा अधिक एक षष्ठांश, म्हणजे दोन तृतीयांश, आणि मुलांचा प्रत्येकी एक षष्ठांश. साठेखतावर लिहून देणार कोण? एकटे काका. सोसायटीत नॉमिनेशन काकांच्या नावे असेल तरी नॉमिनी म्हणजे मालक असं होत नाही. ज्याने सहीच केली नाही त्याला कोर्ट खरेदीखत करायला कसं लावणार? मुलीची सही आहे पण साक्षीदार म्हणून, आणि साक्षीदाराची सही म्हणजे व्यवहाराला संमती असं कायदा आपोआप धरत नाही, फार तर तिला माहिती होतं एवढं म्हणता येईल.

कायद्यात करार काही भागापुरता पाळायला लावायची सोय आहे, काकांच्या दोन तृतीयांशापुरता हुकूम मागता येतो, उरलेल्याबद्दलचे सगळे हक्क सोडून. पण जिंकून काय मिळालं ते बघा. कुटुंबाच्या राहत्या घरातला हिस्सा बाहेरच्याने घेतला तर त्याला त्यांच्याबरोबर एकत्र ताबा मागता येत नाही, मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ४४ मध्ये तसं आहे, त्याला वाटपाचा दावा लावावा लागतो. म्हणजे एक दावा संपवून दुसरा. टू बीएचकेचं वाटप कसं करणार, किचन कॅनडाला?

म्हणून पहिल्यांदा मला फ्लॅटच्या मूळ कागदांची फाइल बघावीशी वाटते, साठेखताची नाही, काका-काकूंनी फ्लॅट घेतला तेव्हाच्या कराराची. काकूंचं नाव कसं आलंय, मृत्युपत्र आहे का, मुलांनी काकांच्या नावे हक्कसोडपत्र केलंय का. केलं असेल तर हिश्श्यांबद्दलचं हे सगळं पुसून टाका आणि तुमची केस एकदम चांगली आहे. इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या व्यवहाराचा सरकारी गोषवारा, ऑनलाइन शोधता येतो, नोंदणी खात्याच्या (आयजीआर) साइटवर, आज रात्री बसून बघा. बँकेने ६५ लाख सँक्शन केलं ते तुमच्या पगारावर, फ्लॅटचा लीगल सर्च तेव्हा झालाच नव्हता असं दिसतंय, झाला असता तर बँकेच्या वकिलाने वारस कुठे आहेत हे पहिल्या दिवशी विचारलं असतं.

इंडेक्स टू शोधताना दुसरंही बघा, काकांनी फ्लॅट आधीच कुणाला देऊन टाकला नाही ना. तिसऱ्या माणसाने तुमच्या साठेखताची कल्पना नसताना पूर्ण पैसे देऊन प्रामाणिकपणे घेतला तर त्याच्याकडून काढून घेता येत नाही, आणि तुमचं साठेखत रजिस्टर नाही म्हणजे त्याला ते सर्चमध्ये दिसणारच नाही. उपाय स्वस्त आहे, दोन मराठी पेपरात जाहीर नोटीस द्या, सोसायटीच्या सेक्रेटरीला साठेखताची कॉपी जोडून पत्र द्या आणि पोच घ्या. मग कुणाला 'माहीत नव्हतं' म्हणणं जड जातं. दावा लावला की त्याच दिवशी निशाणी ५ चा अर्ज, म्हणजे तूर्तातूर्त मनाई, काकांनी निकालापर्यंत फ्लॅट विकू नये, गहाण ठेवू नये म्हणून. शिवाय लिस पेंडन्सची, म्हणजे या फ्लॅटवर दावा चालू आहे अशी, नोटीस रजिस्टर करा. देशात बहुतेक ठिकाणी दावा चालू असला की आपोआप संरक्षण मिळतं, आपल्याकडे मुंबई प्रांताच्या १९३९ च्या दुरुस्तीमुळे ती नोटीस नोंदवावी लागते, न नोंदवता 'दावा चालू आहे ना' म्हणून निवांत बसलेली माणसं मी पाहिलीत.

महारेराकडे जाऊ का असं विचारणार असाल तर नाही, ते बिल्डरसाठी, काका बिल्डर नाहीत.

मुदत ठरलेल्या तारखेपासून ३ वर्षं, म्हणजे ३० जून २०२८. तेवढी वाट बघायची नाही, 'एवढे दिवस काय करत होतात' हा प्रश्न त्याच तयारी-इच्छेच्या खात्यात जातो. कोर्ट फी ९२ लाखावर लागते, विसाराच्या ९ वर नाही, खिशाला जाणवते, आकडा आधी काढून घ्या. २०१८ च्या दुरुस्तीत असंही लिहिलंय की समन्स बजावल्यापासून १२ महिन्यांत दावा निकाली काढायचा, फार तर आणखी ६. हे वाक्य शिवाजीनगर कोर्टाच्या आवारात मोठ्याने म्हणून बघा, चहावाला सुद्धा हसेल. वर्षं धरा. जिंकलात की बाकी रक्कम कोर्टाने दिलेल्या मुदतीत भरायची, ती चुकली तर काका उलट करारच रद्द करून मागू शकतात. आणि तरीही काकांनी सही केली नाही तर दरखास्त, म्हणजे निकालाची अंमलबजावणी करून घ्यायचा अर्ज, लावायची, मग कोर्टाचा माणूस त्यांच्या वतीने खरेदीखतावर सही करतो. मित्र म्हणतो ते 'जबरदस्तीने' म्हणजे हे, शेवटच्या पायरीवरचं.

दुप्पटीच्या कलमाचं काय. काकांना वाटतंय दुप्पट दिली की सुटलो. तसं नाही, करार मोडल्याची रक्कम लिहिली म्हणून करार पाळायला लावता येत नाही असं होत नाही, साठेखतावरून ती रक्कम दंड म्हणून लिहिलीय की 'फ्लॅट द्या नाहीतर एवढे द्या' असा पर्याय म्हणून, यावर ठरतं. 'व्यवहार मोडल्यास' असे शब्द असतील तर तो दंड. पण दादा, ऑफर मात्र हसण्यावारी नेऊ नका. आजचा फायदा मोजला तर १०८ वजा ९२, सोळा लाख, तोही सगळे वारस सही करतील आणि वर्षानुवर्षं भाडं भरत थांबाल असं धरून. काका ९ आत्ता देतायत. कोर्टात गेलात आणि नुकसानभरपाईवर विषय आला तर ते ९ जसेच्या तसे मिळतील असंही नाही, कोर्ट वाजवी वाटेल तेवढंच देतं, लिहिलेला आकडा ही वरची मर्यादा.

मी तुमच्या जागी असते तर हे सगळं एकाच महिन्यात केलं असतं, नोटिशीचं उत्तर, जाहीर नोटीस, कागद गोळा, आणि त्याचबरोबर बोलणी. काकांना ९५-९७ पर्यंत वाढवून देऊन तिघांच्या सह्यांचं रजिस्टर्ड खरेदीखत मिळत असेल तर मी डोळे मिटून घेतलं असतं. मुलगा येऊ शकत नसेल तर तिथल्या भारतीय कॉन्सुलेटमध्ये साक्षांकित केलेलं कुलमुखत्यारपत्र पाठवता येतं, मात्र त्याच्या हिश्श्याचा टीडीएस १ टक्क्याचा नसतो, बराच जास्त असतो, तेवढं सीएला विचारा. तेही जमत नसेल आणि हक्कसोडपत्र झालेलं नसेल तर काकांचे वरचे ९ आणि ते अडीच लाख रोख असे दोन्ही मागून, लेखी समझोता करून बाहेर पडा. फक्त हक्कसोडपत्र निघालं आणि तुमचे पावणेपंचवीस लाख कागदावर दिसले तरच दावा लावा, आणि मग मागे बघू नका. दावा लावल्यावर लोकअदालतीत मिटला तर भरलेली कोर्ट फी परत मिळते, म्हणजे दार तिथेही बंद होत नाही.

आईंना सांगा नोटिशीला उत्तर देणं म्हणजे कोर्टाची पायरी नव्हे, ती अजून लांब आहे. आणि त्यांनी काकांकडे जायला माझी हरकत नाही, जाऊ देत, भजनी मंडळाची ओळख वकिलाच्या नोटिशीपेक्षा कधी कधी पुढे जाते, फक्त 'पैसे परत मिळाले, बरं झालं' असं चुकूनही बोलू नका म्हणावं. काकांपेक्षा मला त्या चिंचवडच्या मुलीशी बोलणं महत्त्वाचं वाटतंय. तिने साक्षीदार म्हणून सही केली तेव्हा तिला हा व्यवहार मान्य होता, भाव वाढल्यावर ओरडतोय तो भाऊ, ती नाही, निदान तुमच्या पत्रात तरी नाही. तिचा नंबर आईंकडे असेल.